फुफीच्या हाताचं पेन

दर रमजान ईदला आम्ही फुफीकडे जातो तेव्हा हातात एक शाल असते. मागच्या ईदला तिनं सुपारीचा डबा काढायला कपाट उघडलं आणि आम्हाला दिसलं, की आजवर दिलेल्या सहाही शाली प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून न काढता एकावर एक ठेवल्या आहेत. कोकणात खाडीकाठच्या गावाला शाल लागते तरी किती? डिसेंबरातल्या दहा-पंधरा सकाळी. परतताना एस.टी.त मुलांची अम्मी म्हणाली, “सातवी शाल न्यायची असेल तर मी येणार नाही. एवढी वर्षं जाताय, त्यांना काय लागतं ते एकदा तरी बघा.”

बघितलं होतं, पण बोललो नव्हतो. फुफीच्या उजव्या अंगठ्याचं मूळ दोन वर्षांपासून धरलं आहे. डॉक्टर म्हणतात, सांधा झिजला. भाकरी आता सून थापते. दुधाचा हिशेब फुफी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, तोही नातू लिहितो. बॉलपेन दाबून धरलं की अंगठ्यातून कळ मनगटापर्यंत जाते, म्हणून तिनं लिहिणंच सोडलं. आणि फुफीनं लिहिणं सोडणं ही आमच्या मोहल्ल्यात साधी गोष्ट नाही.

१९८० च्या दशकात आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचे कर्ते पुरुष कुवेत, दुबई, बहरीन किंवा जहाजावर होते. बायका लिहिणाऱ्या नव्हत्या. असर आणि मगरिबच्या मध्ये फुफीच्या पडवीत त्या निळे एअरोग्राम घेऊन बसायच्या. फुफी कुणाचं उर्दूत, कुणाचं मराठीत लिहायची. एअरोग्रामला जागा थोडी आणि सांगायचं खूप, म्हणून तिचं अक्षर बारीक, पण एकाही नुक्त्याचा गोंधळ नाही. मोबदला म्हणून कुणी नारळ ठेवायचं, कुणी काहीच नाही. कुठल्या घरात पैसे आले नाहीत, कुठल्या सुनेचं सासूशी पटत नाही, कुठलं बाळ बापानं अजून पाहिलं नाही, हे सगळं तिच्या बोटांतून गेलं. ते कधी पडवीबाहेर गेलं नाही.

पाचवीत आमचं इंग्रजी सुरू झालं तेव्हा पाकिटावरचा इंग्रजी पत्ता उतरवायचं काम आमच्याकडे आलं. पी. ओ. बॉक्सचा आकडा चुकला तर पत्र वाळवंटात जाईल, अशी फुफीची धमकी असायची. आम्ही आज शाळेत शिकवतो त्याची सुरुवात बी.एड. कॉलेजात झाली असं कागदोपत्री असलं, तरी ती खरी त्या पडवीत झाली.

आता मुद्द्याचं. १९९० च्या ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं. फुफा तिथेच होते. पुढे लाखाहून जास्त हिंदुस्थानी लोकांना जॉर्डनच्या अम्मानहून विमानांनी मुंबईला आणलं, त्यांत तेही आले. सतरा वर्षांची कमाई तिथेच राहिली. एक बॅग हातात होती. तिच्यात कपड्यांचे दोन जोड, एक ट्रान्झिस्टर आणि फुफीसाठी एक शाईचं पेन. काळं, सोनेरी क्लिपचं, अस्सल परदेशी. मोहल्ल्याची पत्रं उसन्या पेनांनी लिहिणाऱ्या बाईचं हे पहिलं स्वतःचं पेन.

ते तिनं साडेचार वर्षं वापरलं. १९९५ च्या मार्चमध्ये आम्ही दहावीला बसलो तेव्हा तिनं ते आमच्या खिशात लावलं आणि म्हणाली, “यानंच लिही.” आम्ही त्यानंच लिहिलं. आणि अकरावीला शिकायला शहरात गेल्यावर पहिल्याच महिन्यात ते हरवलं. कुठे, कसं, आजही सांगता येत नाही. फुफीला आम्ही सांगितलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. त्याला तीस वर्षं झाली. तेव्हा यंदा ईदला फुफीसाठी पेन न्यायचं ठरलं, त्यात तोहफा किती आणि कर्जफेड किती, हे वाचकांनीच ठरवावं.

पहिली चूक आम्ही दुकानात जाऊन केली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या दुकानात “बाईमाणसासाठी चांगलं पेन दाखवा” म्हटलं. दुकानदारानं काउंटरवर पाच पेनं मांडली. पाचही बारीक, त्यांतली तीन गुलाबी, एकाच्या टोकाला खडा, एकाच्या टोपणावर फूल. बाईचा हात लहान, म्हणून पेन बारीक. हा हिशेब त्याचा एकट्याचा नाही. शंभर वर्षांपूर्वी विलायतेत बायकांसाठी बोटभर लांबीची पेनं निघत आणि त्यांच्या टोपणाला कडी असे, गळ्यातल्या साखळीत अडकवायला. त्यामागे निदान कारण होतं, बायकांच्या कपड्यांना खिसा नसे. आजच्या गुलाबी पेनामागे कारण कोणतं? दुखऱ्या अंगठ्याला बारीक पेन सर्वांत वाईट. वस्तू जितकी बारीक, तितकी ती घट्ट आवळावी लागते. लाटणं धरा आणि मग सुई धरून बघा. आम्ही पाचही पेनं परत केली. दुकानदार थोडा नाराज झाला.

मग आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी हातानं केलेल्या पेनांची वाट दाखवली. आपल्या देशात हे काम जुनं आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकात स्वदेशी पेनं करायला घेतली. त्यांचं एक पेन जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचलं आणि परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, अशा अर्थाचं पत्र गांधीजींनी १९३५ साली आपल्या वर्ध्याहून त्यांना पाठवलं. राजमहेंद्री, हैदराबाद, चेन्नईच्या बाजूला आजही काही कारागीर लेथवर एकेक पेन उतरवतात. मोठ्या कारखान्याचं पेन जसं असेल तसं घ्यावं लागतं. इथे जाडी किती, लांबी किती, टोपण कसं, निब कोणती, हे आपण सांगायचं.

ही पेनं बहुधा एबोनाइटची असतात. एबोनाइट म्हणजे रबरच. कच्च्या रबरात सुमारे तिसरा हिस्सा गंधक घालून ते बराच वेळ तापवलं, की लाकडासारखं कडक होतं. आबनूसच्या काळ्या लाकडासारखं दिसतं, म्हणून आबनूसच्या इंग्रजी नावावरूनच त्याचं नाव पडलं. धातूसारखं ते थंड लागत नाही, हातात घेतलं की लगेच हाताइतकं ऊबदार होतं, घामानं निसटत नाही आणि हलकं असतं. उन्हात ठेवलं किंवा गरम पाण्यानं धुतलं तर मात्र रंग उडून मातकट होतं. नव्या पेनाला गंधकाचा थोडा वासही येतो. वासाचं आधी सांगून ठेवावं, नाहीतर घेणाऱ्याला वाटतं वस्तू खराब आली. दुसरा पर्याय ॲक्रिलिकचा. त्यात रंग सुंदर मिळतात, मोरपंखी, शेंदरी, दुधी. मुलांच्या अम्मीला मोरपंखी आवडलं होतं. पण ते थोडं गुळगुळीत, आणि आम्हाला पकड हवी होती.

दक्षिणेकडच्या एका कारागिराचा नंबर मिळाला. त्यांची दख्खनी उर्दू आणि आमची कोकणी वळणाची, पण जमलं. आम्ही मोठ्या उत्साहानं सांगितलं, की फुफी लहानपणी तख्तीवर बोरूच्या कलमनं नस्तालीक शिकलेली आहे, तेव्हा तिला तिरक्या काटाची, चपट्या टोकाची निब द्या, म्हणजे उर्दू अक्षराची जाडी-बारकाई उतरेल. कलमला जो तिरका कत देतात, तसाच निबला घासून देणारे कारागीर आहेत, हे आम्ही वाचलं होतं. शिवाय पेनाचा आकार बांबूसारखा, पेरं असलेला हवा, म्हणजे कलमच हातात घेतल्यासारखं वाटेल. तसा आकारही हे लोक करतात.

ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, “आपा सध्या काय लिहितात?”

आम्ही गडबडलो. काहीच लिहीत नाहीत. लिहू लागल्या तर दुधाचा हिशेब, औषधांच्या वेळा, फोन नंबर. कधी एखादं पत्र, अल्लाहची मर्जी.

“हात थरथरतो?”

थोडा.

“मग तिरका कत नको. तशी निब कागदावर एकाच कोनात टेकावी लागते. मनगट जरा फिरलं की एक कोपरा उचलतो, शाई तुटते, कागद खरवडतो. आपांना वाटेल, आपलंच अक्षर बिघडलं. गोल टोकाची, मध्यम जाडीची, शाई मोकळी सोडणारी निब घ्या. कुठूनही धरली तरी लिहिते. आणि तुम्ही म्हणता ती बांबूची पेरं नेमकी अंगठ्याखाली येतील.”

आमच्या मनातली फुफी तख्तीवरची होती. त्यांनी आजची विचारली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या बाईला आम्ही पेन द्यायला निघालो होतो.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. तिच्या जुन्या अक्षराचा नमुना आणि ती वस्तू कशी धरते त्याचा फोटो. अक्षर आमच्याकडे होतं. अकरावीत तिनं वसतिगृहावर पाठवलेली पत्रं आम्ही जपली आहेत. फोटोसाठी नातवाला हाताशी धरलं. सातवीतलं पोर, त्यानं आजीला रेशनकार्डाच्या अर्जावर सही करायला लावली आणि गुपचूप फोटो काढला. त्यात दिसलं, की फुफी आता पेन अंगठ्यानं धरतच नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात ठेवते आणि अंगठा नुसता टेकवते. हे आम्ही इतकी वर्षं समोर बसून पाहिलं नव्हतं.

त्या फोटोवरून बाकीचं ठरलं. बोटं धरतात तिथे जाडी बारा मिलिमीटर, शाळकरी पेनाच्या दीडपट म्हणा. तिथे खाच किंवा पायरी नको, सरळ उतरता आकार. चकाकी नको, मॅट. टोपण लिहिताना मागे न लावता पेन वापरता यावं इतकी दांड्याची लांबी, कारण मागे टोपण लावलं की वजन अंगठ्याच्या मुळावर येतं. सगळं मिळून वजन वीस ग्रॅमच्या आसपास.

टोपणानं मात्र आठवडा खाल्ला. हातानं केलेल्या पेनांचं टोपण बहुधा आट्यांचं, फिरवून उघडायचं. साधे आटे तीन-चार वेढे घेतात. दुखऱ्या अंगठ्याला प्रत्येक वेळी चार वेढे म्हणजे शिक्षाच. दाबून बसणारं टोपण घ्यावं तर ते ओढून काढायला जोर लागतो. शेवटी कारागीर म्हणाले, तीन तोंडांचे आटे पाडतो, एका वेढ्यात उघडेल. थोडे पैसे जास्त पडतील. आम्ही हो म्हटलं. वाचकांपैकी कुणी वडीलधाऱ्यांसाठी असं पेन घेणार असेल, तर रंगाच्या आधी टोपण किती वेढ्यांत उघडतं ते विचारावं. रंगाबद्दल कुणी तक्रार करत नाही, टोपणाला कंटाळून मात्र पेन खणात जातं.

क्लिप हवी की नको यावर घरात वाद झाला. मुलांची अम्मी म्हणाली, बायकांना खिसा कुठे असतो, क्लिप कशाला? बरोबर आहे. पण क्लिप नसेल तर गोल पेन टेबलावरून घरंगळतं आणि निबेवर पडतं. फुफी सगळ्या किमती वस्तू चष्म्याच्या डब्यात ठेवते, औषधाची चिठ्ठीसुद्धा. नातवाकडून डबा मोजून घेतला, आतून सोळा सेंटिमीटर. पेन टोपणासकट साडेचौदा झालं आणि क्लिप ठेवली.

शाई भरण्याच्या दोन तऱ्हा. एक, आतली छोटी नळी फिरवून शाई ओढायची. ती जेमतेम एक मिलिलिटर शाई घेते. दुसरी, आपल्या लहानपणीची, दांडा उघडून ड्रॉपरनं शाई ओतायची. त्यात तीन-साडेतीन मिलिलिटर मावते, महिनाभर बघायला नको. तिचा एक दोष आहे. शाई तळाला गेली, की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब टपकतो. म्हणून पाव भाग उरला की भरून टाकावी. भरायचं काम नातवाचं, दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला. त्याला आम्ही हे काम दिलं तेव्हा तो आमच्याकडे असा बघत राहिला, जणू विमान चालवायला दिलं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मराठी लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. उजव्या हातानं लिहिताना हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकू शकतो. फुफीला थरथरीमुळे तळहात कागदावर टेकवावाच लागतो. तेव्हा लवकर सुकणारी शाई हवी, आणि कागद शाई न फुटणारा, पण काचेसारखा गुळगुळीतही नको, त्यावर शाई ओलीच राहते. जाडसर कागदाची रेघांची वही घेतली. बाटली निळ्या शाईची मिळाली, तीच घेतली.

कलम, दौत, शाई, कागद हे चारही शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आणि असे रुळले, की आज वर्गात मुलांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. कुरआन शरीफमधल्या अडुसष्टाव्या सूरहचं नावच कलम आहे, हे त्यांना माहीत असतं. आपल्या आंब्याच्या कलमाचा शब्दही तोच, हे माहीत नसतं. असो, वर्ग सुटला.

सहा आठवड्यांनी पार्सल आलं. बावीसशे रुपये, टपाल वेगळं. तपकिरी-काळ्या लहरींचं, दिसायला साधं. मुलांची अम्मी म्हणाली, “एवढं सगळं करून हे?” मग तिनं हातात घेतलं आणि दोन ओळी लिहिल्या. परत द्यायला तिला जरा वेळ लागला.

ईदची नमाज झाली, शीरखुर्मा झाला. फुफीनं डबा उघडला, शाल नाही बघून आधी हसली. पेन हातात घेऊन वास घेतला. “सायकलच्या ट्यूबचा वास येतोय.” सांगायचं म्हणत होतो तेच राहून गेलं होतं. टोपण एका वेढ्यात उघडलं तेव्हा तिनं ते परत लावलं, परत उघडलं. असं तीनदा.

आम्ही तेव्हा बोललो. तीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य नातवंडांसमोर, बशीतली खीर निवत असताना बाहेर आलं. “फुफी, फुफांनी कुवेतहून आणलेलं ते पेन आमच्याकडून हरवलं. अकरावीतच.”

ती वहीचं पान सपाट करत होती. “माहीत आहे मला.”

“कोणी सांगितलं?”

“तुझ्या पहिल्या पत्राचं अक्षर शाईचं होतं. दुसरं पत्र आलं ते बॉलपेनचं. कागदाच्या मागे उठाव दिसत होता. तेव्हाच समजले.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तू पत्र लिहिणं बंद केलं असतंस. पोरगा परमुलखात, पेन मोठं की पत्र?” मग जरा थांबून म्हणाली, “तुझ्या फुफाला मात्र मी सांगितलं, पेन पोराकडे आहे, जपून वापरतो. तो जाईपर्यंत त्याला तेच माहीत होतं.”

आमच्याकडे यावर बोलायला काही नव्हतं. सुनेनं बशा उचलल्या.

फुफीनं पेन बेचक्यात धरलं, अंगठा टेकवला आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी त्याहून कमी. तिसऱ्या ओळीत तिनं मोहल्ल्यातल्या त्या बायकांची नावं लिहायला घेतली, ज्यांची पत्रं ती लिहायची. काही आता हयात नाहीत. अकरा नावं झाली. बाराव्याला थांबून तिनं बोटं झटकली, पण कळ आल्यासारखा चेहरा केला नाही. आम्ही नीट बघत होतो.

मग टोपण लावलं, एक वेढा, पेन चष्म्याच्या डब्यात ठेवलं आणि म्हणाली, “पेन चांगलं आहे. शाई निळी का आणलीस? मी आयुष्यभर काळ्यानं लिहिलं. पुढच्या खेपेला काळी आण.”